कॉम्प्रेसर तीन आहेत, चौथा घ्यायचं चाललंय. पण त्याने खरंच स्टँडबाय (राखीव मशीन) मिळेल का?

युटिलिटी_पाळी (धागा सुरू)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण आकडे दिल्याशिवाय कोणालाच नीट सांगता येणार नाही, म्हणून सगळंच लिहितो.

आमच्या कारखान्यात एकाच खोलीत दाबाची हवा देणारे तीन एअर-कूल्ड स्क्रू कॉम्प्रेसर आहेत. प्रत्येकी १३२ किलोवॉट, एफएडी (साध्या वातावरणीय दाबाला मोजलेला हवापुरवठा) मिनिटाला २० घनमीटर, म्हणजे साधारण ७०० सीएफएम (मिनिटाला घनफूट). तिन्ही फिक्स्ड स्पीड, म्हणजे वेग न बदलणारे. तिन्हींची हवा एका हेडरमध्ये (सामाईक मुख्य पाइपात) येते. पुढे मिनिटाला ६० घनमीटरचा एकच रेफ्रिजरेशन ड्रायर (हवा थंड करून पाणी काढणारा), मग फिल्टर, मग ६ घनमीटरचा एकच रिसीव्हर (हवेची टाकी), आणि तिथून शॉपमध्ये. हेडरला ७ बार ठेवतो. ६.४ बारला स्टँडबाय चालू होतो. ५.५ बारच्या खाली गेलं की लाइनचे प्रेशर स्विच सगळं थांबवतात.

सुरुवातीला दोन चालू आणि एक स्टँडबाय असा साधा हिशेब होता. नंतर एक लाइन वाढली आणि आता दिवसातून बऱ्याचदा तिसराही लोड घेतो, म्हणजे हवा द्यायला लागतो. सरासरी मागणी मिनिटाला ३७ घनमीटर. दर पाऊण तासाला ब्लास्टिंग बूथ तीनेक मिनिटं चालतो, तेव्हा ४६ पर्यंत जाते.

मागच्या महिन्यात भर दुपारी तिन्ही लोडवर असताना एक डिस्चार्ज टेंपरेचरवर (बाहेर पडणारी हवा फार तापल्याने) ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. नऊ मिनिटांनी दुसराही, त्याच कारणाने. प्रेशर ४.८ ला आलं. उत्पादन तीन तास बंद. त्या तीन तासांत माझी माणसं गरम मशीनच्या आत हात घालून कूलर साफ करत होती. ते मला विसरता येत नाही.

व्यवस्थापन चौथा, तसाच २० घनमीटरचा, घ्यायला तयार आहे. खोलीत जागाही आहे. मागणीपत्र मला या आठवड्यात द्यायचंय. चौथा पुरेल का? फिक्स्ड घ्यावा की व्हीएफडी (गरजेप्रमाणे वेग बदलणारा)? आणखी काय बघायला हवं?

---

रात्रपाळी

आधी एक सांगा, चौथा त्याच खोलीत बसवणार?

कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे प्रत्येक मशीनमागे सुमारे १२० किलोवॉट उष्णता. ती खोलीतच सोडली आणि खोलीचं तापमान १० अंशांपेक्षा जास्त चढू द्यायचं नसेल, तर एका मशीनला सेकंदाला सुमारे १० घनमीटर हवा खेळवावी लागते. चारांना किती लागेल ते तुम्हीच बघा. तुमचे दोन मशीन उष्णतेने गेले आणि उपाय म्हणून तुम्ही त्याच खोलीत आणखी एक भट्टी ठेवताय.

कूलिंग एअरच्या सक्शनला, जाळीजवळ, थर्मामीटर लावा आणि दुपारी दोन वाजता बघा. बाहेरच्या सावलीतलं तापमानही घ्या. फरक पाचेक अंशांपेक्षा जास्त असेल तर गरम हवा फिरून परत आत येतेय.

---

गेज_सात_बार

रात्रपाळींशी पूर्ण सहमत. त्याला जोडून गणित मांडतो, कारण चौथा मशीन कागदावर फार छान दिसतो आणि फसगत तिथेच होते.

उदाहरणापुरतं धरू की प्रत्येक मशीन ९५ टक्के वेळ उपलब्ध असतो. वर्षाचे ८७६० तास.

१०० टक्के क्षमतेचे दोन मशीन असतील, तर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता ०.२५ टक्के, वर्षाला सुमारे २२ तास. पण त्या २२ तासांत हवा शून्य.

५० टक्के क्षमतेचे तीन असतील, म्हणजे सध्या तुमचे आहेत तसे, तर वर्षाला सुमारे ६३ तास मागणी पूर्ण होणार नाही. आकडा मोठा दिसतो, पण त्यातल्या बहुतेक तासांत निम्मी हवा मिळत राहते. तिन्ही बंद, हवा शून्य, असं जेमतेम एक तास. अर्धी हवा ज्याला चालते त्याच्यासाठी तीनची मांडणी चांगली. अर्धी हवा आणि शून्य हवा ज्याला सारखीच, त्याच्यासाठी दोनची.

त्यात ५० टक्क्यांचा चौथा आणला की तूट ६३ तासांवरून चार तासांवर येते. व्यवस्थापनाला हा आकडा दाखवला तर ते लगेच सही करतील.

पण हे सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे. एका मशीनच्या बंद पडण्याचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, हे ते गृहीत. तुमच्याकडे दुसरा मशीन पहिल्यानंतर नऊ मिनिटांनी त्याच कारणाने गेला, म्हणजे ते गृहीत मोडलेलं आहे. खोली वर्षातून नुसते दहा तास जरी जास्त तापली, तरी चौथ्यासकट ते चार तास निरर्थक ठरतात. म्हणून आधी चारही मशीनमध्ये सामाईक काय काय आहे ते काढा. एक खोली, एक ड्रायर, एक रिसीव्हर, एक हेडर हे तर तुम्हीच लिहिलंय. विजेचं काय?

---

बसबार

विजेचं मी विचारणारच होतो.

तिन्ही मशीन कुठल्या बस सेक्शनवर (वीज वाटणाऱ्या पट्टीच्या कुठल्या भागावर) आहेत ते सिंगल लाइन डायग्राममध्ये बघा, आणि मग प्रत्यक्ष पॅनेलवर जाऊन बघा. दोन्ही जुळतीलच असं नाही. एका बसवर दोन आणि दुसऱ्यावर एक असेल, तर पहिल्या बसचा इनकमर (मुख्य स्विच) ट्रिप झाला की तुमच्याकडे एकच मशीन उरतो. चार झाल्यावर दोन-दोन असे वाटून घ्या.

सिक्वेन्सरला (कोणता मशीन कधी चालवायचा ते ठरवणाऱ्या नियंत्रकाला) पुरवठा कुठून येतो हेही बघा. बऱ्याच ठिकाणी सगळ्या मशीनना हुकूम देणारा डबा कुठल्यातरी एकाच मशीनच्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवरून चालवलेला असतो. तो मशीन देखभालीला घेतला की सिक्वेन्सर मरतो. सिक्वेन्सर मेला तर प्रत्येक मशीन आपापल्या लोकल प्रेशर सेटिंगवर जायला हवा, आणि ती लोकल सेटिंग्जही एकमेकांना धरून लावलेली हवीत. नाहीतर सगळे एकदम लोड आणि एकदम अनलोड (फिरतात पण हवा देत नाहीत) होत बसतात.

तिसरं म्हणजे व्होल्टेज डिप. क्षणभराच्या डिपनेही कॉन्टॅक्टर (मोटरचे विद्युत स्विच) सुटतात आणि सगळे मशीन एका झटक्यात थांबतात. अशा वेळी दहा स्टँडबाय असले तरी उपयोग नाही. ऑटो-रिस्टार्ट असेल तर मशीन एकामागून एक, अंतर ठेवून उठले पाहिजेत. आणि ऑटो-रिस्टार्ट असलेल्या मशीनवर ते आपोआप सुरू होतं अशी ठळक पाटी हवी, आत काम करणाऱ्याने आधी आयसोलेटरला कुलूप लावलंच पाहिजे. यात कसलीही सूट नको.

---

युटिलिटी_पाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. मागणीपत्र दोन आठवडे पुढे ढकलून घेतलं. आज सांगितल्याप्रमाणे मोजलं.

बाहेर सावलीत ३८ अंश. एक नंबरच्या सक्शनला ४१, तीन नंबरला ४२, आणि दोन नंबरला ४९! बघितलं तर एक नंबरच्या एक्झॉस्ट डक्टचा लवचीक सांधा फाटलेला. त्याची गरम हवा थेट दोन नंबरच्या जाळीवर. पहिले ट्रिप झालेला मशीन दोन नंबरच होता. तो गेल्यावर उरलेल्या दोघांवर अखंड फुल लोड आला आणि एक नंबर गेला.

विजेचं बसबार म्हणाले तसंच निघालं. एक आणि दोन नंबर एकाच बसवर आहेत, ड्रॉइंगमध्ये मात्र एक आणि तीन दाखवलेत. सिक्वेन्सर एक नंबरच्या पॅनेलमधून चालतो. इतकी वर्षं रोज त्या पॅनेलसमोरून जातोय आणि हे मला ठाऊक नव्हतं, याचं वाईट वाटतं.

---

जुना_फिटर

वाईट वाटून घेऊ नका. बघितलंत हे महत्त्वाचं.

आता ड्रायरकडे या. चार कॉम्प्रेसर आणि एक ड्रायर असेल तर स्टँडबाय फक्त ओल्या हवेचा आहे. ड्रायरचा बायपास उघडला की हवा मिळते, पण पाणी थेट सिलिंडरमध्ये आणि सोलेनॉइडमध्ये. ते पाणी पुढचे कित्येक आठवडे गंज आणि चिकटलेल्या स्पूलच्या रूपात बाहेर येत राहतं. त्याचा दोष मग भलत्याच खात्यावर पडतो.

आणि ६० घनमीटरचा ड्रायर तुमच्याकडे ६० चा नाही. ती क्षमता बहुधा ३५ अंश इनलेटला लिहिलेली असते, पाटी वाचून बघा. ३५ अंशांच्या संपृक्त हवेत घनमीटरला सुमारे ४० ग्रॅम वाफ असते, ४५ अंशांना ६५ ग्रॅम. आफ्टरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) गरम खोलीतून हवा ओढत असेल तर ड्रायरला दीडपटीहून जास्त पाणी काढावं लागतं. खोली थंड झाली की ड्रायरही सुधारेल, दोन्ही दुखणी एकच आहेत.

दुसरा ड्रायर समांतर बसवा, प्रत्येकाला इनलेट-आउटलेट व्हॉल्व्ह द्या. फिल्टरही दोन. ऑटो ड्रेन प्रत्येकाचा वेगळा, एका पाइपात जोडू नका. मी एका जागी होतो तिथे सगळे ड्रेन एका बंद पाइपात नेले होते. एक ड्रेन उघडा अडकला आणि त्याची हवा उलटी दुसऱ्या ड्रायरच्या सेपरेटरमध्ये गेली, तिथलं पाणी पुढे वाहिलं. दोन्ही ड्रायर चालू, आणि शॉपमध्ये पाणी. आम्ही चार दिवस कारण शोधत होतो.

पुढे कधी डेसिकंट ड्रायर (पाणी शोषणाऱ्या दाण्यांचा) घेतलात, तर एक लक्षात ठेवा. हीटलेस प्रकारात रेटेड क्षमतेच्या १५ ते २० टक्के हवा त्याच्याच रीजनरेशनला, म्हणजे दाणे पुन्हा कोरडे करायला, जाते. स्टँडबायच्या हिशेबात ती धरली नाही तर कागदावरचा एन प्लस वन (गरजेपेक्षा एक जास्त) प्रत्यक्षात उरत नाही.

---

प्रक्रिया_उपकरण

मी प्रोसेस प्लांटमधून लिहितोय, त्यामुळे माझी नजर थोडी वेगळी आहे. किती घनमीटर हवा लागते याच्या आधी विचारा, हवा गेली तर काय काय होतं? वापराचे तीन गट करा. हवा गेल्यावर माणसाला किंवा यंत्राला धोका होतो तो पहिला. उत्पादन थांबतं तो दुसरा. नुसती गैरसोय होते तो तिसरा. शॉपमधली ब्लो-गन आणि क्लॅम्प धरून ठेवणारा सिलिंडर एकाच हेडरवर असले, तरी त्यांना एकाच दर्जाचा स्टँडबाय देणं चूक आहे.

पहिल्या गटाला वेगळा रिसीव्हर द्या, त्याच्या इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. मुख्य हेडर कोसळला तरी या टाकीतली हवा मागे पळता कामा नये. आमच्याकडे इन्स्ट्रुमेंट एअरसाठी (नियंत्रण उपकरणं चालवणाऱ्या हवेसाठी) अशी टाकी असते. सगळे कंट्रोल व्हॉल्व्ह सुरक्षित जागी नेऊन प्लांट शांतपणे थांबवता येईल इतकी मिनिटं तिने पुरवायची. तिसऱ्या गटाच्या वाटेवर आपोआप बंद होणारा प्रायॉरिटी व्हॉल्व्ह. प्रेशर ठरावीक आकड्याखाली गेलं की आधी ती हवा तुटते. हा एक व्हॉल्व्ह कित्येकदा एका कॉम्प्रेसरचं काम करतो.

काही जण बॅकअप म्हणून इन्स्ट्रुमेंट एअरच्या लाइनला नायट्रोजन जोडतात. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, पूर्ण अभ्यास केल्याशिवाय करू नका. न्यूमॅटिक उपकरणं सतत थोडी हवा सोडत असतात. बंद अ‍ॅनालायझर खोलीत किंवा पॅनेल रूममध्ये ती जागा नायट्रोजनने घेतली की ऑक्सिजन खाली येतो. हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली धोक्याचा समजतात. नायट्रोजनला वास नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही, माणूस थेट कोसळतो. ऑक्सिजन अलार्म, वेंटिलेशन आणि आता लाइनमध्ये नायट्रोजन आहे हे सांगणारा दिवा, हे नसेल तर नकोच.

---

गेज_सात_बार

गटवारीचा मुद्दा फार मोलाचा. रुग्णालयातल्या मेडिकल एअरला हाच विचार टोकाला नेलेला दिसतो. आयएसओ ७३९६-१ हे आंतरराष्ट्रीय मानक तिथे निदान तीन स्रोत मागतं, म्हणजे एक देखभालीला असताना दुसरा बिघडला तरी हवा चालू राहते. कारखान्यात सगळ्यांना ते लागत नाही, पण प्रश्न तोच विचारायचा. ओव्हरहॉलसाठी एक मशीन काही दिवस उघडा असेल, त्या काळात स्टँडबाय कोणता?

आता युटिलिटी_पाळींसाठी वेळेचा हिशेब. स्टँडबाय म्हणजे नुसती क्षमता नव्हे. प्रेशर स्विचने हाक मारल्यापासून मशीन प्रत्यक्ष लोड घेईपर्यंत किती सेकंद जातात ते स्टॉपवॉचने मोजा. स्टार-डेल्टा (मोटर टप्प्याने सुरू करण्याची पद्धत) आणि लोड डिले मिळून बहुतेक ठिकाणी १५ ते ३० सेकंद जातात. तेवढा वेळ रिसीव्हरने ओढून न्यायचा असतो.

सूत्र सोपं आहे. मिनिटाची तूट गुणिले मिनिटं, भागिले एकूण साठवण, की बारमधली घसरण मिळते.

---

युटिलिटी_पाळी

मोजलं. २२ सेकंद.

दोन मशीन चालू, मागणी ३७, त्यातला एक गेला तर तूट १७ घनमीटर. २२ सेकंदांत ६.२ घनमीटर हवा कमी पडते. रिसीव्हर ६ आणि पाइपिंग साधारण २, मिळून ८ घनमीटर. म्हणजे जवळजवळ ०.८ बारची घसरण. ६.४ वर हाक गेली तर ५.६ वर थांबणार, आणि लाइन ५.५ ला बंद होते. ०.१ बारच्या आधारावर आम्ही इतके दिवस काढले!

सेटिंग ६.४ वरून ६.८ करून टाकू का?

---

रात्रपाळी

तात्पुरतं करा, कायमचं नको. स्टँडबाय लवकर उठवायचा तर चालू मशीनची लोड-अनलोडची रेंजही वर सरकवावी लागते, आणि ७ बारच्या भागात प्रत्येक वाढीव बारला वीज सहा-सात टक्के जास्त लागते. शिवाय रेग्युलेटर नसलेला सगळा वापर आणि सगळी गळती प्रेशरबरोबर वाढते. ७ चे ८ बार केलेत तर गळती साडेबारा टक्क्यांनी फुगते, कारण गणित अ‍ॅब्सोल्यूट प्रेशरने, गेजच्या आकड्यात वातावरणाचा एक बार मिळवून ८ ला ९ असं होतं. टाकी मोठी करणं स्वस्त आणि कायमचं.

गळती मोजलीय का कधी? साप्ताहिक सुट्टीला लाइन बंद असते तेव्हा एकच मशीन चालू ठेवा आणि लोड-अनलोडच्या वेळा लिहा. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, गुणिले मशीनची क्षमता. निदान पाच-सहा आवर्तनं घ्या.

---

युटिलिटी_पाळी

काल केलं. सरासरी चार मिनिटं लोड, सहा मिनिटं अनलोड. ४० टक्के, म्हणजे मिनिटाला ८ घनमीटर!

---

रात्रपाळी

म्हणजे तुमच्या एका कॉम्प्रेसरचा दोन पंचमांश भाग भिंतींना हवा घालतोय. ७ बारला ३ मिलिमीटरचं एक भोक मिनिटाला अर्ध्या घनमीटरहून जास्त हवा घालवतं, तेव्हा अशी पंधराएक भोकं झाली. होज-जोड, एफआरएलचे (फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटरचे) बाउल, उघडे अडकलेले ड्रेन, आणि बंद मशीनना जाणारी हवा. त्या शेवटच्यासाठी मशीन बंद झाल्यावर मिटणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावा. निम्मी गळती जरी थांबवलीत तरी ४ घनमीटरचा स्टँडबाय तुम्हाला असाच मिळाला. त्याला ना फाउंडेशन लागतं ना केबल.

---

जुना_फिटर

ब्लास्टिंग बूथबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. तीन मिनिटांच्या वापरासाठी तिसरा कॉम्प्रेसर उठवणं बरोबर नाही. बूथजवळच टाकी ठेवा.

तुमचे आकडे घेऊन सांगतो. जादा वापर ९ घनमीटर, तीन मिनिटं, म्हणजे एका वेळेला २७ घनमीटर. बूथचा रेग्युलेटर समजा ४.५ बारला आहे. टाकी ७ वरून ५ पर्यंत उतरली तरी काम बिघडत नाही. १० घनमीटरची टाकी दोन बारमध्ये २० घनमीटर देईल. टाकीच्या इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि मागे गळचेपी करणारा व्हॉल्व्ह लावून भरणं मिनिटाला अडीच घनमीटरवर बांधा. तीन मिनिटांत तेही सातेक घनमीटर येतील. झाले २७. पुन्हा भरायला आठ मिनिटं, तुमच्याकडे पाऊण तास आहे. हेडरला ४६ दिसणारच नाही, ३९.५ दिसेल, आणि तेवढं दोन मशीनमध्ये बसतं.

एक सूचना मात्र. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमागची ही टाकी मुख्य हेडरच्या साठवणीत धरू नका. कॉम्प्रेसर ट्रिप झाला तर ती शॉपच्या मदतीला येणार नाही. मुख्य रिसीव्हरची वाढ वेगळीच करावी लागेल, आणि ती ड्रायरच्या पुढे, कोरड्या बाजूला.

---

गेज_सात_बार

व्हीएफडीचा प्रश्न राहिला होता. २० घनमीटरचा व्हीएफडी साधारण ६ ते २० मध्ये फिरतो असं धरा. एकट्याने २० पर्यंत भागतं. मागणी २२ झाली की फिक्स्ड २० उठणार, व्हीएफडी कमीत कमी ६ देणार, मिळून २६. २० ते २६ च्या पट्ट्यात दोघे एकमेकांशी झगडत राहतात, सतत लोड-अनलोड. व्हीएफडीचा फिरता पट्टा निदान फिक्स्ड मशीनच्या क्षमतेएवढा हवा, म्हणजे ८ ते २८ अशा मापाचा. पण मग स्टँडबाय मोजताना सर्वांत मोठा मशीन, हा २८ चा, गेला असं धरून मोजा. विजेची बचत आणि राखीव क्षमता हे दोन वेगळे हेतू आहेत.

---

बसबार

तीन मशीनचे तास सारखे ठेवता का? बहुतेक जण सिक्वेन्सरमध्ये तास समान वाटून देतात. माझं मत उलट आहे. तास समान ठेवले तर तिघांचं ओव्हरहॉल एकाच काळात येतं आणि तिघांचे बेअरिंग एकाच वयाचे असतात. मुद्दाम अंतर ठेवा.

---

जुना_फिटर

अंतर ठेवा, पण स्टँडबायला महिनोन् महिने झोपवून ठेवू नका. बंद मशीनच्या तेलात ओलावा साठतो, बेअरिंग गंजतं. दर आठवड्याला लोडवर, तेल पूर्ण गरम होऊन ओलावा निघेपर्यंत चालवा. पाच मिनिटं अनलोड फिरवून "चालवला" अशी नोंद करणं अपायकारक आहे, तेवढ्यात ओलावा उलट वाढतो.

आणि हेडरला, ड्रायरच्या आधी, भाड्याच्या मशीनसाठी व्हॉल्व्हसकट ब्लाइंड फ्लँज (झाकणाने बंद केलेला जोड) आजच ठेवा. ट्रॉली उभी करायची जागा, धूर बाहेर जाण्याची वाट, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, होजचं माप लिहिलेला कागद. संकटाच्या रात्री चालू हेडरवर वेल्डिंग करता येत नाही.

---

युटिलिटी_पाळी (दोन महिन्यांनी)

धागा वर काढतोय, कारण ज्यांनी वेळ दिला त्यांना काय झालं ते कळायला हवं.

चौथा कॉम्प्रेसर सध्या घेतला नाही. मागणीपत्र बदललं. डक्ट नवीन केले, तिन्हींचा एक्झॉस्ट बाहेर काढला. दुपारी दोन नंबरच्या सक्शनला आता ४० अंश. दोन नंबर तीन नंबरच्या बसवर हलवला नाही, कारण मग तिथे दोन झाले असते. त्याऐवजी दोन नंबरला चेंज-ओव्हर दिला, दोन्ही बसवरून चालवता येतो. सिक्वेन्सरला स्वतंत्र यूपीएस पुरवठा. गळती दुसऱ्यांदा मोजली, ८ वरून ४.५ घनमीटर. सरासरी मागणी ३३.५ वर आली. ब्लास्टिंगची टाकी बसली आणि हेडरवरची मागणी ३६ च्या वर जात नाही. तिसरा मशीन पुन्हा खरा स्टँडबाय झाला. कोरड्या बाजूला १० घनमीटरचा आणखी एक रिसीव्हर, बायपाससकट, म्हणजे एकाची तपासणी चालू असताना दुसरा राहील. दुसरा ड्रायर मंजूर झालाय, यायचा आहे. फ्लँज बसवला.

चौथा मशीन पुढच्या टप्प्यात, शॉपच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या खोलीत, स्वतःच्या ड्रायरसह, रिंग हेडरला तिथूनच जोडून.

मग चाचणी. सगळ्यांना सांगून, लाइन सुरू असताना, मी एका चालू मशीनचा ब्रेकर पाडला. तूट सुमारे १५ घनमीटर, साठवण १८, अपेक्षित प्रेशर ६.१ बार. गेज ६.० ला जाऊन परत चढला. शॉपमध्ये कोणाला कळलंही नाही. फार बरं वाटलं.

---

रात्रपाळी

अभिनंदन! आता हीच चाचणी भर दुपारी करा, आणि तीही स्टँडबाय नुकताच, मिनिटाभरापूर्वी थांबलेला असताना.

---

युटिलिटी_पाळी

आज केली. स्टँडबायला ४१ सेकंद लागले. थांबल्यावर मशीनच्या तेल-सेपरेटरमधलं प्रेशर उतरल्याशिवाय मोटर पुन्हा सुरू होऊ देत नाही, तो टायमर अजून संपला नव्हता. गेज ५.८ ला गेला. लाइन थांबली नाही, पण माझ्या कागदावर २२ होते.

नवीन हिशेब ४१ सेकंदांचा केलाय. मागणी ३७ वर परत गेली असं धरलं तरी घसरण ०.६५ बार, म्हणजे ५.७५. पाळीच्या वहीत आता हाच आकडा आहे, आणि रिसीव्हरवर पांढऱ्या रंगाने लिहूनही ठेवलाय.